मोटारसायकलची टकटक, खडखड आणि घरघर

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असेल तर क्रँक सेकंदाला १०० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह ५० वेळा उघडतो. गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असेल तर चाकाचे सेकंदाला साधारण ९ फेरे होतात. झिजलेला किंवा सैल झालेला भाग आपल्या स्वतःच्या गतीनेच वाजतो. त्यामुळे आवाज कसा येतो यापेक्षा तो कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर थांबतो, हे पाहिले तर दोषाचा माग लवकर लागतो. इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, इंजिनावरचा भार, तापमान आणि क्लच या पाच गोष्टी एकेक करून बदलायच्या आणि आवाजात काय फरक पडतो ते ऐकायचे, हीच निदानाची रीत.

थरथर किती असावी?

एक सिलिंडरचे इंजिन थोडे थरथरणारच. पिस्टन वरच्या आणि खालच्या टोकाला क्षणभर थांबून दिशा बदलतो आणि दर वेळी त्याचा धक्का क्रँककेसला बसतो. क्रँकवर समतोलाचे वजन असते, पण त्याने हा धक्का पूर्ण जात नाही. वजन वाढवून वर-खालचा धक्का सगळा मारला तर तेवढाच धक्का पुढे-मागे बसू लागतो. म्हणून काही इंजिनांत क्रँकच्याच गतीने, पण उलट दिशेने फिरणारा बॅलन्सर शाफ्ट बसवतात. रॉयल एन्फिल्डच्या ३४६ सीसीच्या युनिट इंजिनात असा शाफ्ट नव्हता. २०२० मध्ये मीटिअरबरोबर आलेल्या ३४९ सीसी इंजिनात तो आहे. त्यामुळे जुन्या गाडीच्या हँडलला जाणवणारी थरथर नव्या गाडीत जाणवली तर शंका घ्यायला जागा आहे. तुलना नेहमी त्याच मॉडेलच्या चांगल्या स्थितीतल्या गाडीशी करावी.

हा धक्का फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे फेरे दुप्पट झाले की जोर चौपट होतो. मात्र ठरावीक फेऱ्यांवरच हँडल किंवा फूटरेस्ट झिणझिणत असेल आणि त्यापुढे पुन्हा शांत होत असेल, तर तो अनुनाद समजावा. हँडलच्या टोकांना वजने बसवतात ती यासाठीच. त्यातले एक पडले तरी थरथर वाढते. पूर्वी नसलेली थरथर सगळ्या फेऱ्यांवर जाणवू लागली, तर इंजिन चासीला धरून ठेवणारे फाउंडेशन बोल्ट आधी पाहावेत. ते कंपनीने सांगितलेल्या टॉर्कलाच आवळावेत. अंदाजाने जास्त जोर लावला तर आटे जातात.

स्लोवर गाडी अनियमित झटके देत असेल तर ज्वलन नीट होत नाही असे समजावे. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांचा स्लो स्पीड मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवलेला असतो. तो फार कमी झाला तर चांगले इंजिनही खडखडते. प्लग काढून त्याचे टोक पाहावे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, पांढुरके असेल तर हवा जास्त आहे, आणि ऑइलने ओले असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजले आहेत. बजाज पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनासारखे दोन प्लग असतील तर एक बंद पडूनही गाडी चालत राहते, फक्त ओढ कमी होते आणि चाल खडबडीत लागते. टॉप गिअरमध्ये ताशी २५ किलोमीटरने गाडी ओढली की येणारे हादरे हा मात्र चालवण्याचा दोष आहे. गिअर उतरवला की ते थांबतात.

आधी बाहेरचे

इंजिन उघडण्यापूर्वी ऑइलची पातळी पाहावी. त्यासाठी गाडी सरळ उभी हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटे झालेली हवीत. ऑइल कमी किंवा फार पातळ झालेले असेल तर वरचे सगळेच भाग वाजू लागतात. त्यानंतर साडी गार्ड, नंबर प्लेट, चेन कव्हर, लेग गार्ड आणि सायलेन्सरवरचा पत्रा तपासावा. गाडी मेन स्टँडवर चालू ठेवून जाड हातमोजा घातलेल्या हाताने यातला एकेक भाग दाबून धरला की खडखड कुठली ते कळते. बेंड पाइपचा नट सैल झाला किंवा गॅस्केट फाटले तर हेडजवळून फसफस-टकटक असा आवाज येतो आणि तो टॅपेटचा वाटतो. सांध्याभोवती काजळीचे डाग असतील तर संशय पक्का होतो.

उभ्या गाडीवर

ही तपासणी मोकळ्या जागेत करावी, कारण बंद खोलीत एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. जागा शोधण्यासाठी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या कव्हरवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावतात. हात चेनपासून आणि सायलेन्सरपासून दूर ठेवावा.

थंड इंजिनात ऐकू येणारा आणि तापल्यावर ओसरणारा बोदा आवाज बहुधा पिस्टनचा असतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी स्लीव्हपेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि मधली फट कमी होते. याउलट बेअरिंगचा आवाज तापल्यावर वाढतो, कारण ऑइल पातळ होते.

हेडमधून येणारी बारीक, एकसारखी टकटक टॅपेटची असते. ती क्रँकच्या निम्म्या गतीने चालते. अनेक लहान इंजिनांत टॅपेटची फट ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. इंजिन पूर्ण थंड असताना आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना ती फिलर गेजने मोजतात. टकटक नको म्हणून टॅपेट घट्ट करून घेणे महागात पडते. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये जात नाही आणि तो जळतो. थोडी टकटक चालते, अगदी शांत टॅपेट मात्र तपासून घ्यावेत.

सिलिंडरच्या एका बाजूने, विशेषतः गाडी सुरू करताना आणि ॲक्सिलरेटर सोडताना, साखळी घासल्यासारखी खडखड आली तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर तपासावा. चेन फार सैल झाली तर दाता सुटून टायमिंग बिघडते.

न्यूट्रलमध्ये घरघर येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर दोष क्लचच्या बास्केटमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगमध्ये असतो. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लच सोडवणारे बेअरिंग पाहावे.

खालच्या बाजूने येणारी जड ठोक सर्वांत गंभीर. ती फेऱ्यांबरोबर वाढते आणि भार पडल्यावर आणखी मोठी होते. ती कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगची असू शकते. सिलिंडर काढल्यावर रॉड बाजूला थोडा हलतोच, वर-खाली मात्र हलता कामा नये. अशी ठोक ऐकू आल्यावर गाडी चालवत वर्कशॉपपर्यंत नेऊ नये. रॉड तुटला तर क्रँककेस फुटतो.

रस्त्यावर

काही आवाज भार पडल्याशिवाय येत नाहीत. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला की येणारी किणकिण म्हणजे नॉकिंग. स्पार्कनंतर उरलेले मिश्रण दाबाने आपोआप पेटते तेव्हा ती ऐकू येते. पिस्टनवर साठलेला कार्बन, जास्त हवेचे मिश्रण, पुढे सरकलेले इग्निशन टायमिंग किंवा कमी ऑक्टेनचे पेट्रोल ही तिची कारणे. ती सतत राहिली तर पिस्टनला भोक पडू शकते.

मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्लच दाबून इंजिन स्लोवर येऊ द्यावे. आवाज तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबरच कमी झाला, तर इंजिन निर्दोष आहे. मग चेन, स्प्रॉकेट, चाकाचे बेअरिंग आणि टायर तपासावेत. चेनची ढील बऱ्याच गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर असते. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावे. दाते वाकलेले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलतात. फार आवळलेली चेन गिअरबॉक्सच्या आउटपुट बेअरिंगवर ताण टाकते. चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग गेलेले असते. पुढचा ब्रेक लावताना हँडलच्या मुळाशी टक् असा आवाज येणे ही कोन सेट सैल झाल्याची खूण.

मेकॅनिकला काय सांगावे

‘गाडी आवाज करते’ एवढ्याने मेकॅनिकला फारसे काही कळत नाही. आवाज थंड इंजिनात येतो की तापलेल्या, न्यूट्रलमध्ये की गिअरमध्ये, कोणत्या वेगाला, ओढताना की सोडताना, क्लच दाबल्यावर बदलतो का, हे सांगावे आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवावे. ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट पाहावा. बारीक करडी भुकटी नेहमीच्या झिजेची असते, चकाकणारे तुकडे मात्र बेअरिंग किंवा गिअर तुटत असल्याचे सांगतात. दुरुस्तीनंतर गाडी त्याच तापमानाला, त्याच वेगाला, त्याच गिअरमध्ये पुन्हा चालवून पाहावी. त्या अवस्थेत आवाज आला नाही तरच दोष गेला असे धरावे.