दरिद्री कुटुंबांस दरमहा रोख साहाय्य : त्याचें स्वरूप व अनुभव

दुष्काळपीडितांस अन्न, वस्त्र व काम द्यावें, याविषयीं दात्यांच्या मनांत संशय नसतो. परंतु प्रत्येक माणसाच्या हातीं दरमहा, कांहीं एक अट न घालतां, रोख पैसा द्यावा असें म्हटलें कीं पुष्कळ सद्गृहस्थ थबकतात. पैसा गुत्त्यांत जाईल व लोक आळशी बनतील, हा आक्षेप आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. द्रव्य देणारानें असा आक्षेप घेणें योग्यच आहे; म्हणून त्याचें उत्तर अनुभवाच्या आधारें देणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

दुष्काळांत माणसें मरतात तीं नेहमींच धान्याच्या अभावीं मरतात असें नाहीं. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळाविषयीं प्रो. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं दाखविलें कीं, धान्य होतें. मजूर व कोळी यांच्यापाशीं तें विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती. ही ऐपत राखणें हाच रोख साहाय्याचा हेतु होय.

आफ्रिकेंतील नामीबिया देशांत, विंडहुक शहराच्या पूर्वेस सुमारें १०० किलोमीटरांवर, ओत्जिवेरो नांवाची दरिद्री वसाहत आहे. तेथें ख्रिस्ती मंडळ्या, कामगार संघ व इतर संस्था यांनीं देणग्या जमवून जानेवारी २००८ पासून डिसेंबर २००९ पर्यंत साठ वर्षांखालील प्रत्येक रहिवाशास दरमहा १०० नामीबियन डॉलर दिले. वृद्धांस सरकारी पेन्शन होतेंच. कमी वजनाच्या मुलांचें प्रमाण शेंकडा ४२ होतें, तें वर्षभरांत शेंकडा १० वर आलें. कमाईचा उद्योग करणारांचें प्रमाण शेंकडा ४४ वरून ५५ वर गेलें. लोकांनीं आपल्यांतूनच १८ जणांची कमिटी निवडली. वाटपाच्या दिवशीं दारू विकूं नये असें तिनें गुत्तेवाल्यांकडून कबूल करून घेतलें.

या प्रयोगांत तुलनेसाठीं दुसरें गांव घेतलें नव्हतें, हा दोष खरा. तो इंदूरकडील प्रयोगांत राहिला नाहीं. २०११-१२ सालीं 'सेवा' या स्त्रियांच्या संस्थेनें युनिसेफच्या मदतीनें आठ खेड्यांत प्रौढास २०० व मुलास १०० रुपये दरमहा दिले. पुढें ते ३०० व १५० केले. बारा खेडीं तुलनेसाठीं पाहिलीं. पैसा मिळालेल्या खेड्यांत काम घटलें नाहीं. उलट बियाणें व खत घेऊन स्वतःच्या शेतांत राबणें वाढलें, कर्जाचा भार हलका झाला, आणि दारूचा खर्च वाढल्याचें आढळलें नाहीं.

यांतलें मर्म नियमितपणांत आहे. पुढील महिन्याची रक्कम निश्चित असली म्हणजे कुणबी बैल विकीत नाहीं व जबर व्याजाचें कर्ज काढीत नाहीं. मात्र जेथें बाजारच ओस पडला आहे तेथें नुसत्या पैशानें भाव चढतील. तेथें आधीं धान्यच पोंचविलें पाहिजे. तसेंच विहीर, शाळा व दवाखाना यांची जागा पैसा घेऊं शकत नाहीं.

यास्तव आमची सादर विनंती अशी कीं, दात्यांनीं एकरकमी देणगीबरोबरच ठराविक मुदतीपर्यंत मासिक वर्गणीचें वचन द्यावें. व्यापाऱ्यांनीं माल रास्त भावानें विकावा, कारण हा पैसा अखेर त्यांच्याच दुकानीं येतो. आणि जमीनदारांनीं जुन्या थकबाकीपोटीं तो कापून घेऊं नये. गरिबाच्या हातीं पडलेला रुपया त्याच्या घरीं चूल पेटेपर्यंत त्याचाच राहिला, तरच दात्याचें दान सार्थकीं लागेल.