सीमेपाशी थांबलेली एसटी

२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. दोन्ही राज्यांच्या बस-कर्मचाऱ्यांना मारहाण झाल्याच्या बातम्या आल्या आणि महाराष्ट्र-कर्नाटक एसटी वाहतूक थांबली. त्या दिवसांत एका संध्याकाळी मी कागलच्या पुढे, हद्दीच्या अलीकडे महामार्गावर उभा होतो. शेजारी एक म्हातारबाबा पिशवी घेऊन निपाणीला लेकीकडे निघालेले. एसटी पुढे जाणार नव्हती. आमच्यासमोरून मात्र बंगळूरला जाणाऱ्या खासगी शयनयान बसगाड्या सुसाट चालल्या होत्या. बाबांनी विचारले, "काय हो, आपल्या यष्टीला तिकडं जायचं लायसनच न्हाई व्हय? मग ह्यास्नी कुणी दिलं?"

मी वकील नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. घरी आल्यावर कायद्याची पुस्तके उघडली, राजपत्रे धुंडाळली, निकाल वाचले. बाबांच्या प्रश्नाला जे उत्तर सापडले ते येथे मांडतो.

सीमा ओलांडायला बसला तीन वेगवेगळ्या गोष्टी लागतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. पहिली, बस चालवणाऱ्या संस्थेला दुसऱ्या राज्यात धंदा करण्याचा अधिकार. दुसरी, त्या गाडीचा परवाना. तिसरी, कर. खासगी कंपनी पहिल्या पायरीवर अडत नाही. देशात कोठेही व्यवसाय करण्याची तिला मोकळीक आहे. एसटी महामंडळाचे तसे नाही. ते कायद्याने जन्माला आले आहे आणि कायद्याने दिले तेवढेच अधिकार त्याला आहेत. मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० प्रमाणे महामंडळाने आपल्या राज्यात आणि 'विस्तारित क्षेत्रात' गाड्या चालवायच्या. हे विस्तारित क्षेत्र कसे मिळते ते कलम २० सांगते. महामंडळाने आधी आपल्या सरकारची परवानगी घ्यायची, मग शेजारच्या सरकारशी बोलणी करायची, त्याने मान्यता दिली की योजना तयार करायची, त्या योजनेला त्याची संमती मिळवायची आणि पुन्हा आपल्या सरकारची मंजुरी घ्यायची. म्हणजे एसटीचे चाक हद्दीपलीकडे फिरायला दोन सरकारांचा होकार लागतो.

दुसरी गोष्ट परवान्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ८८ नुसार एका राज्यात दिलेला परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. त्यावर तिकडच्या परिवहन प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागते. कोणत्या मार्गावर किती परवान्यांना अशी स्वाक्षरी द्यायची, हे दोन राज्यांच्या पारस्परिक करारात ठरते. या नियमाला एक समंजस अपवाद आहे. मार्गाची दोन्ही टोके एकाच राज्यात असतील आणि मधला तुकडा दुसऱ्या राज्यातून जात असेल, तर तो तुकडा १६ किलोमीटरांपेक्षा जास्त नसल्यास प्रतिस्वाक्षरी लागत नाही. कोल्हापूरहून निपाणीमार्गे आजऱ्याकडे जाणारा रस्ता आठवा: निघणे महाराष्ट्रात, पोहोचणे महाराष्ट्रात आणि मध्ये कर्नाटक. नकाशावरची रेघ रस्ते पाहून ओढलेली नसते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

तिसरी गोष्ट कराची. याबाबतचा गाजलेला खटला एका बस कंपनीच्याच नावाने ओळखला जातो: ऑटोमोबाइल ट्रान्सपोर्ट (राजस्थान) लिमिटेड. अजमेर हे तेव्हा वेगळे राज्य होते. नसीराबाद ते देवली हा मार्ग बहुतांशी अजमेरमधला. पण वाटेत राजस्थानची चिंचोळी पट्टी लागे. तेवढ्यासाठी राजस्थानने वाहनकर मागितला. संविधानाच्या अनुच्छेद ३०१ ने देशभर व्यापार आणि ये-जा मुक्त ठेवली आहे, मग हा कर कसा, असा वाहतूकदारांचा सवाल होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की, रस्त्याच्या वापराबद्दल घेतलेला कर हा वाहतुकीतला अडथळा नव्हे. पुढे २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालातला 'भरपाईरूप करा'चा सिद्धान्त बाजूला सारला. पण भेदभाव न करणारा कर मुक्त व्यापाराचा भंग करत नाही, हेही बहुमताने सांगितले. थोडक्यात, ये-जा मुक्त आहे, फुकट नाही.

मग त्या खासगी गाड्या कशा गेल्या? येथे कायद्याने केलेला एक भेद कळीचा ठरतो. थांब्याथांब्यावर माणसे चढवत-उतरवत, प्रत्येकाचे वेगळे तिकीट फाडत जाते ती टप्पा वाहतूक. ठरलेल्या प्रवाशांना एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवते ती कंत्राटी वाहतूक. या दुसऱ्या प्रकाराला कलम ८८ मध्येच मोकळी वाट आहे. पर्यटक वाहनाला अखिल भारतीय परवाना मिळतो. २०२१ पासून त्याचे शुल्क एकरकमी भरायची सोय झाली. लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीला विशेष परवाना मिळतो आणि त्याला दुसऱ्या राज्याची प्रतिस्वाक्षरी लागत नाही. मालमोटारींना राष्ट्रीय परवाना आहे. पूर्वी तो राज्याराज्यांचे शुल्क वेगवेगळे भरून निघे. २०१० मध्ये वर्षाला १५,००० रुपये असे एकत्रित शुल्क ठरले. मात्र त्यावरही परराज्यातल्याच एका गावात माल भरून त्याच राज्यातल्या दुसऱ्या गावात उतरवायला मनाई आहे. पर्यटक परवान्यावर चालणाऱ्या गाडीनेही वाटेत थांब्यागणिक प्रवासी घेणे कायद्याला धरून नाही.

आता सगळे चित्र एकत्र पाहा. सीमा पार करणे लांबच्या गाडीला सोपे आणि जवळच्या गाडीला अवघड आहे. मुंबईहून बंगळूरला जाणाऱ्याला सीमा जाणवतही नाही. कागलहून निपाणीला लेकीकडे जाणाऱ्याला जी गाडी लागते, तीच नेमकी टप्पा वाहतूक. तिच्यासाठी दोन सरकारांचे एकमत हवे.

हे एकमत किती काटेकोर हिशेबावर उभे असते, याचे उत्तम उदाहरण आंध्र-तेलंगणाचे आहे. २०१४ मध्ये राज्य दुभंगले, तरी गाड्या जुन्या सवयीने धावत राहिल्या. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने त्या थांबल्या. निर्बंध सैल झाल्यावरही सुरू होईनात, कारण तेलंगणाने समान किलोमीटरांचा आग्रह धरला. आंध्रच्या गाड्या तेलंगणात रोज सुमारे २.६५ लाख किलोमीटर धावत होत्या. तेलंगणाच्या आंध्रात सुमारे दीड लाख. अखेर करार झाला: तेलंगणाने आंध्रात ८२६ गाड्या १,६१,२५८ किलोमीटर चालवायच्या, आंध्रने तेलंगणात ६३८ गाड्या १,६०,९९९ किलोमीटर. २ नोव्हेंबर २०२० पासून गाड्या सुरू झाल्या. बरोबरी साधली ती आंध्रच्या सुमारे एक लाख किलोमीटर फेऱ्या कमी करून. हिशेब दोन महामंडळांचा जुळला. कमी झालेल्या फेऱ्यांतला प्रवासी मात्र त्या कागदावर कोठेच नव्हता.

आपल्याकडची रेघ १ नोव्हेंबर १९५६ ची. १९४८ च्या १ जूनला पुणे-नगर मार्गावर धावलेली एसटी तेव्हा मुंबई राज्याची होती आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे त्याच राज्याचे जिल्हे होते. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका वगळून. तो पुढे कोल्हापूरला जोडला गेला. कोल्हापूर चंदगडहून शंभरावर किलोमीटर, बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. बाजार, दवाखाना, सोयरीक सगळे बेळगावकडे. काल जी गावातली गाडी होती ती एका रात्रीत आंतरराज्य झाली. माणसांचे येणे-जाणे बदलले नाही, त्यांच्या गाडीचा दर्जा बदलला.

त्या संध्याकाळी करार रद्द झाला नव्हता, परवाने संपले नव्हते, कर थकला नव्हता. २०२२ च्या डिसेंबरातही सीमाप्रश्न तापल्यावर असेच झाले होते. तिन्ही कागद शाबूत असताना गाडी थांबते, कारण एसटीच्या कपाळावर राज्याचे नाव असते. राग राज्यावरचा असतो, दगड मात्र काचेवर पडतो. चालक-वाहकांचा जीव धोक्यात घालून गाडी चालवा, असे मी म्हणणार नाही. पण खासगी गाडीला नाव नसल्यामुळे वाट मिळते आणि सार्वजनिक गाडी नावामुळे अडते, हे आपण समजून घ्यायला हवे.

कायद्यात एक दार आहे, ज्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. परवान्यांची संख्या ठरवणाऱ्या आंतरराज्य कराराचा प्रस्ताव दोन्ही सरकारांनी राजपत्रात आणि त्या भागात खपणाऱ्या प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रात छापावा लागतो. लोकांची निवेदने मागवावी लागतात आणि राजपत्रात आल्यापासून किमान ३० दिवसांनंतरची तारीख ठेवून त्यांचा विचार करावा लागतो. सीमेवरच्या ग्रामपंचायतींनी ही जाहिरात कापून ठेवावी. आपल्या गावाहून पलीकडच्या दवाखान्याला, महाविद्यालयाला, आठवडी बाजाराला किती माणसे जातात, ते मोजून लिहून द्यावे. किलोमीटरांच्या हिशेबात माणसांचा हिशेब घालायची कायद्याने दिलेली जागा हीच आहे.

बाबा त्या दिवशी एका टेंपोतून निपाणीला गेले. त्यांना आता मी सांगू शकेन: लायसन आहे, बाबा. दोन घरांनी मिळून दिलेले आहे. म्हणून दोन्ही घरांत शांतता असली तरच ते चालते.