पुन्हा उदासी, की थायरॉईड?

चैत्रात कार्ल्याला एकवीरेची यात्रा भरते. पायऱ्या चढताना माणूस घामाने निथळतो. अशा उन्हात घरातली एखादी बाई स्वेटर घालून अंग चोरून बसली, तर तिचं थायरॉईड जरूर तपासून घ्यावं. पावसाळ्यात थायरॉईड मंदावल्याचं हे लक्षण सुटून जातं, कारण मावळच्या पावसात सगळेच कुडकुडतात.

ती मानसिक आजाराची जुनी रुग्ण असेल, तर ते हमखास सुटतं. अंथरुणातून उठवत नाही, बोलणं मंदावलंय, कशात मन लागत नाही. घरचे म्हणतात, "हिचं पुन्हा सुरू झालं." कधी डॉक्टरही तेच धरून चालतात. आवाज घोगरा झालाय, पापण्या सुजल्यात, पोट साफ होत नाही, हे कुणी विचारतच नाही. मनाचा आजार एकदा नावावर लागला की शरीराची तक्रारही त्याच खात्यावर मांडली जाते. हा अन्याय आहे.

१९४९ साली लंडनचे डॉ. रिचर्ड अ‍ॅशर यांनी थायरॉईड मंदावलेल्या १४ मनोरुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. कुणाला भास, कुणाला संशयाने ग्रासलेलं. थायरॉईडचं औषध मिळाल्यावर त्यांतले बरेच जण सावरले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवला. लिथियमने पुढे असंख्य संसार सावरले, पण ते थायरॉईड ग्रंथीत साठतं आणि तिथलं हार्मोन रक्तात उतरू देत नाही. बायकांना हा त्रास जास्त. म्हणून लिथियम सुरू करण्याआधी आणि पुढे साधारण दर सहा महिन्यांनी रक्तातला टीएसएच (थायरॉईड मंदावला की वाढणारं हार्मोन) तपासायचा असतो. थंडीतापासाठी कार्ल्याच्या आरोग्य केंद्रात जा किंवा लोणावळ्याच्या दवाखान्यात, लिथियम चालू आहे हे तिथल्या डॉक्टरांना कळावं म्हणून त्याची चिठ्ठी सोबत हवीच.

याउलट थायरॉईड ग्रंथी जास्त चालली तर छाती धडधडते, झोप उडते आणि तोच उन्माद वाटू शकतो. शिवाय मानसिक आजाराच्या ऐन भरात थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, तात्पुरतं वाढलेलं दिसतं. अशा वेळी काही आठवड्यांनी फेरतपासणी करतात.

टीएसएच वाढला म्हणून लिथियम आपल्या मनाने मुळीच बंद करू नये, आजार उलटतो. बहुतेकदा ते चालू ठेवून थायरॉक्सिनची गोळी जोडता येते. ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या-एक तासाने, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहून डॉक्टर मात्रा ठरवतात.