जंगलाचा पैसा, गावाचा कोष

२७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावात केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ग्रामसभेला एक पुस्तक देण्यात आलं. ते होतं बांबूच्या वाहतूक परवान्यांचं. सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क गावाला २००९ मध्येच मिळाला होता. तरीही स्वतःच्या जंगलातला बांबू तोडून गावाबाहेर विकायचा, तर परवाना वनखात्याचा लागत होता आणि खातं तो देत नव्हतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज म्हटलं आहे आणि गौण वनोपजाची मालकी हक्कधारकांना दिली आहे. खातं मात्र बांबूला झाड समजत आलं होतं. परवान्यांचं पुस्तक गावाच्या हाती आलं आणि पुढच्याच हंगामात बांबूविक्रीची रक्कम कोटीच्या घरात गेली.

गावानं जंगल राखावं असं सगळेच म्हणतात. राखणीचा खर्च कुठून यायचा, हा प्रश्न त्या मानानं फार कमी विचारला जातो. गेल्या तीसेक वर्षांत महाराष्ट्रात या कामासाठी अनेक वाटांनी पैसा आला: सरकारी योजना, परदेशी अनुदानं, नाबार्ड, कंपन्यांचा सामाजिक निधी आणि जंगलाचं स्वतःचं उत्पन्न. या सगळ्या वाटा पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. पैसा किती आला यापेक्षा तो कोणाच्या सहीनं खर्च होतो आणि किती वर्षं टिकतो, यावर जंगल उभं राहणं अवलंबून असतं.

मेंढ्याचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं. त्यातला पैशाचा भाग मात्र क्वचित सांगितला जातो. देवाजी तोफा आणि २०२५ मध्ये आपल्यातून गेलेले मोहन हिराबाई हिरालाल यांनी या गावात अभ्यासगट आणि सर्वसहमतीचे निर्णय रुजवले, तेव्हा वनहक्क कायदा क्षितिजावरही नव्हता. कमाईतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकायचा, ही रीत तिथे आधीपासून होती. म्हणून बांबूची मोठी रक्कम आली, तेव्हा ती कशी वाटायची, किती राखून ठेवायची आणि हिशेब कोणापुढे मांडायचा हे ठरवणारी सभा तयार होती. आधी सभा घडली आणि पैसा मागून आला. निधी देणाऱ्या बहुतेक संस्था हा क्रम उलटा धरतात.

चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव याच वाटेवरचं. २०१२ मध्ये या छोट्या गावाला सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाला. बांबू कसा तोडायचा, कुठे तोडायचा, लिलाव कसा करायचा याचे नियम ग्रामसभेनं स्वतः लिहिले. मला सगळ्यात मोठा वाटतो तो त्यांचा तेंदूपत्ता न तोडण्याचा निर्णय. चांगला पाला फुटावा म्हणून तेंदूची झुडपं छाटली जातात, जागोजागी आगी लावल्या जातात, आणि फळ धरणारं झाडच उरत नाही. हे नुकसान पाहून गावानं हातातलं उत्पन्न सोडलं. बांबूचा आधार होता म्हणून ते परवडलं, हेही खरं.

गडचिरोलीतल्या बहुतेक गावांना तेंदू सोडणं परवडत नाही. मे महिन्यातले तेंदूतोडीचे पंधरा-वीस दिवस म्हणजे कित्येक घरांची वर्षातली सर्वांत मोठी रोकड. पहाटे उठून पानं तोडायची, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. २०१३ पासून इथल्या ग्रामसभा स्वतः निविदा काढून तेंदू विकू लागल्या. मजुरीशिवाय वेगळी रॉयल्टी गावाच्या खात्यात येऊ लागली आणि कोरचीसारख्या तालुक्यात अनेक गावांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. २०१७ मध्ये भाव कडाडले, पण पुढच्याच वर्षी कोसळले. तेंदूपानावरचा १८ टक्के जीएसटी हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. तो ५ टक्क्यांवर यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला.

या व्यापारातलं खरं दुखणं आहे खेळत्या भांडवलाचं. हंगाम सुरू होताना तोडणाऱ्यांना मजुरी द्यायला, पोती आणि गोदाम यांची सोय करायला ग्रामसभेकडे रोकड नसते. मग ठेकेदाराकडून उचल घ्यावी लागते आणि उचल देणाराच भाव ठरवतो. माल दोन महिने थांबवून विकता आला, तर मिळणारी रक्कम वेगळी असेल. इथे दान नको आहे. वेळेवर मिळणारं, हंगामानंतर परत करायचं कर्ज हवं आहे. बँका ते देत नाहीत, कारण ग्रामसभेकडे तारण ठेवायला काही नाही. सामूहिक वनहक्क विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही, आणि तसंच असायला हवं. मग तारणाऐवजी हमी देणारा निधी उभारणं, हे सरकारच्या किंवा एखाद्या मोठ्या न्यासाच्या आवाक्यातलं काम आहे.

जिथे जंगल आधीच उजाड झालेलं आहे, तिथली गोष्ट आणखी वेगळी. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीरला २०१२ मध्ये हक्क मिळाला तो सुमारे १९२ हेक्टरवर, आणि त्यात विकण्याजोगं फारसं काही नव्हतं. इथे पहिला पैसा बाहेरूनच यावा लागला. तो रोजगार हमीतून आला. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या त्या कल्पनेचा इतका चांगला उपयोग क्वचितच झाला असेल. लोकांनी आपल्याच जंगलात चर खणले, झाडं लावली, चराई आणि तोड यांवर बंधनं घातली, आणि मजुरी आपल्याच गावात घेतली. खोज या संस्थेची साथ होती. काही वर्षांत सीताफळ इतकं येऊ लागलं की ते मेळघाटच्या नावानं मुंबईच्या बाजारात गेलं. २०१४ मध्ये गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. आता शेजारच्या गावांचीही नावं पायविहीरबरोबर घेतली जातात.

मात्र रोजगार हमी खड्ड्याला पैसे देते, राखणीला देत नाही. फेब्रुवारी ते मे वणव्यासाठी जागं राहणारी माणसं, जाळरेषा काढणं, कुऱ्हाड घेऊन आलेल्याला समजावत परत पाठवणं, महिन्याची सभा, हिशेब लिहिणारी मुलगी, नकाशा, लेखापरीक्षण: यांतली एकही बाब अंदाजपत्रकाच्या रकान्यात सहज बसत नाही. वर्षाकाठी गावाला लागणारी ही रक्कम मोठी नसते. ती दहा वर्षं न चुकता यावी लागते, आणि प्रकल्प तीन वर्षांत आटोपतात.

मोठा पैसा वेगळ्याच ठिकाणी आहे. खाणी, धरणं आणि रस्ते यांसाठी वनजमीन वळवताना जी भरपाई घेतली जाते, ती सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशांनंतर वर्षानुवर्षं साचत गेली. २०१६ मध्ये त्यासाठी कायदा झाला, २०१८ मध्ये नियम आले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्रानं राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८०० कोटींच्या वर आले. हा सगळा पैसा, म्हणजे कंपा निधी, वनखात्याच्या वार्षिक आराखड्यांतून खर्च होतो. जी जंगलं तोडली गेली त्यांवर जगणाऱ्या ग्रामसभेचा त्यावर हक्क नाही. उलट या निधीतली रोपवनं गावांच्या हक्काच्या जमिनीवर आल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून झाल्या. मोह, चारोळी, हिरडा, बेहडा असलेल्या मिश्र जंगलाच्या जागी एकजिनसी रोपवन आलं, तर कागदावर हिरवाई वाढते आणि गावाचं ताट रिकामं होतं. लागवडीच्या आकड्यांचा मोह आपल्याला नवा नाही. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी झाडांचं लक्ष्य धरलं होतं. २०२१ मध्ये त्या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती जाहीर करावी लागली. कंपाचा ठरावीक हिस्सा थेट वनहक्क असलेल्या ग्रामसभांच्या खात्यात जायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या गावांना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट देण्याचा निर्णय महाराष्ट्रानं २०१५ मध्ये घेतलाच होता, म्हणजे वाट माहीत आहे.

शेतीचा विचार जंगलाच्या राखणीपासून तोडता येत नाही. वरचं जंगल गेलं की खालच्या धानाच्या बांधीत दिवाळीआधीच पाणी आटतं. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं गावानं चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलं, विहिरींना पाणी आलं आणि भातशेती सुधारली. तिथला वनभाजी महोत्सव आता दूरदूरच्या लोकांना माहीत आहे. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आदिवासी शेतकऱ्याच्या एका एकरात आंबा, काजू आणि कडेला वनझाडं लावण्याचा ‘वाडी’ कार्यक्रम बाएफ या संस्थेनं गुजरातेतल्या वांसद्यात सुरू केला. पुढे जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या मदतीनं तो महाराष्ट्रातही आला आणि २००३-०४ पासून नाबार्डच्या आदिवासी विकास निधीनं तो देशभर नेला. कलम फळायला चार-पाच वर्षं लागतात हे ओळखून तोवर आंतरपिकांची सोय त्यात केली होती. निधी पिकाच्या वेळापत्रकाप्रमाणे आखता येतो, याचा हा पुरावा.

त्याहून अधिक शिकण्यासारखा आहे तो इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम. फादर हर्मन बाकर यांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) भागातल्या कामातून त्याची घडी बसवली आणि १९९३ मध्ये वॉटर ही संस्था उभी राहिली. जर्मन पैसा होता, पण तो लगेच मिळत नसे. आधी गावानं श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा आराखडा घराघराशी बोलून करायचा. मग पूर्ण मंजुरी. या अटींत एक अन्याय लपलेला होता, तो सांगायला हवा. चराईबंदीचा भार शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनांवर आणि सरपणाला जाणाऱ्या बायांवर पडतो. ज्या गावांनी त्यांच्यासाठी गवत कापून नेण्याची सोय केली, त्यांना बंदी टिकवणं सोपं गेलं.

आता नवा पैसा दारात आहे, कार्बनचा. आंध्रच्या अराकू खोऱ्यात नांदी फाउंडेशननं आदिवासी कॉफी उत्पादकांबरोबर लाखो झाडं लावली. त्यासाठीची आगाऊ रक्कम युरोपीय कंपन्यांच्या लाइव्हलीहूड्स फंडानं दिली आणि मोबदल्यात दीर्घ मुदतीची कार्बन क्रेडिट्स घेतली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या बागेत हे जमू शकतं. सामूहिक जंगलावर असा करार येईल तेव्हा ग्रामसभेनं मराठीत, गोंडीत, कोरकूत तो पूर्ण वाचून घ्यावा: मुदत किती, सरपण आणि मोहफुलं यांवर बंधन आहे का, भाव पडला तर तोटा कोणाचा, वणवा लागला तर परतफेड कोणाची. वीस-तीस वर्षांच्या करारावर आज सही करणारे पंच मुदत संपेपर्यंत असतीलच असं नाही.

महाराष्ट्रात सात हजारांवर सामूहिक वनहक्क दावे मान्य झाले आहेत. देशात इतकं काम फार थोड्या राज्यांत झालं. २०२३ मध्ये केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाचे निर्देश काढले आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या धरती आबा अभियानात व्यवस्थापन आराखड्यांसाठी तरतूद ठेवली. आराखडा करून देणाऱ्या संस्था आता गावोगाव फिरतील. बाहेरून आलेल्यांनी आठवड्यात लिहिलेला आराखडा आणि गावानं तीन ऋतू जंगल फिरून लिहिलेला आराखडा यांना मिळणारी रक्कम सारखीच असेल, तर दुसरा कोणी लिहिणार नाही. जिल्हा समित्यांनी मंजुरी देताना सभेच्या नोंदी पाहाव्यात, बाया किती बोलल्या ते विचारावं, आणि पहिल्या हप्त्यातच राखणदारांच्या मजुरीचा रकाना घालावा. फेब्रुवारीत पानगळ सुरू होते. जाळरेषेचे पैसे त्याआधी खात्यात असायला हवेत.