काळ्या मातीवरचा ओटा

जळगाव-धुळ्याच्या कपाशीला मानवणारी काळी माती बांधकामाला मात्र छळते. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा. पावसाळ्यात तीच जमीन वर उचललेली. परसातला ओटा मग घरापासून सुटतो, फरशी हलू लागते आणि बोल लागतो गवंड्याला.

उपाय जुनाच आहे. ओट्याखालची काळी माती काढायची, मुरूम थराथराने भरायचा, पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा. उतार बाहेरच्या बाजूला. ओटा आणि भिंत यांच्यातला सांधा मोकळा ठेवलेला बरा. दोन्ही एकजीव केले की ओटा हलताना भिंतीलाही तडा देतो. (ओट्यालगत मोरीचं पाणी सोडणाऱ्यांपुढे तर हात टेकले!)

घरासारख्या वजनदार बांधकामासाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल विकसित केले: साधारण साडेतीन मीटर खोल, तळाशी फुगीर. तेवढ्या खोलवर ऋतूंप्रमाणे ओलावा फारसा बदलत नाही.

उन्हाळ्यातली भेग लगेच सिमेंटने बुजवू नका. आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधा, पन्हळ लांब न्या, एक पावसाळा जाऊ द्या. मग गवंडी बोलवा.