पोर्ट बदलला म्हणजे रिमोट डेस्कटॉप सुरक्षित झाला?

सीएचं ऑफिस असो की छोटा कारखाना, चार-सहा संगणक घरून वापरायचे म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच उपाय केलेला दिसतो. राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर एकाखाली एक ओळी: 3390 टॅलीच्या मशीनला, 3391 बिलिंगला, 3392 साहेबांच्या केबिनला. वर खात्रीही दिली जाते, "नेहमीचा 3389 ठेवलाच नाही, आता हॅकरला सापडणार नाही."

सापडतो, आणि सहज सापडतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली झेडमॅप हे साधन आणलं, तेव्हाच एका संगणकावरून अख्खं आयपीव्ही4 इंटरनेट एका पोर्टसाठी 45 मिनिटांच्या आत तपासून झालं होतं. एकूण पोर्ट 65,535. त्यातला तुमचा कोणता, हे माणूस बसून शोधत नाही, प्रोग्राम शोधतो. शिवाय पोर्ट कोणताही असो, जोडणीच्या पहिल्याच उत्तरात रिमोट डेस्कटॉप आपली ओळख देतो. विंडोजने स्वतः तयार केलेल्या प्रमाणपत्रात तर संगणकाचं नावसुद्धा असतं. 'अकाउंट्स-पीसी' असं नाव दिलं असेल, तर आत काय आहे हेही कळलं.

पटत नसेल तर त्या मशीनवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि सिक्युरिटी लॉगमध्ये 4625 हा क्रमांक शोधा. ही फसलेल्या लॉगिनची नोंद. पोर्ट बाहेर उघडा असेल तर अॅडमिन, अॅडमिनिस्ट्रेटर, यूजर अशा नावांनी कोणीतरी सतत दार ठोठावताना दिसेल. पोर्ट बदलल्याने या नोंदी कमी होतात, एवढाच काय तो फायदा. 2019 साली उघड झालेल्या ब्लूकीप या रिमोट डेस्कटॉपमधल्या त्रुटीमुळे तर विंडोज 7 आणि त्याआधीच्या मशीनवर लॉगिन न करताच शिरकाव शक्य होता. मायक्रोसॉफ्टला सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. तिथे पोर्टचा आकडा काय कामाचा?

म्हणून त्या सगळ्या ओळी राउटरमधून काढून टाका. वायरगार्डसारखं व्हीपीएन बसवा. योग्य की नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. व्हीपीएन जोडलं की सगळी मशीन आपापल्या आतल्या आयपीवर, नेहमीच्या 3389 वरच मिळतात. उद्या सहाची सोळा झाली तरी बाहेर नवं काही उघडावं लागत नाही. विंडोज सर्व्हर असेल तर रिमोट डेस्कटॉप गेटवे हेच काम 443 वरून करतो. हे बसवायला फार वेळही लागत नाही, तरी टाळाटाळ होते, याचा खरोखर वैताग येतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. विंडोज होमवरून दुसऱ्या मशीनवर जाता येतं, फक्त होमवर बाहेरून येता येत नाही. विंडोज प्रोवर एका वेळी एकच जण काम करू शकतो. फाइल पॅच करून तिघांना बसवलं तर परवान्याचा भंग होतो आणि अपडेट आला की सगळं बंद पडतं. फुलीवर क्लिक करणं म्हणजे साइन आउट नव्हे: सेशन आत चालूच राहतं, आणि सर्व्हरवर अॅडमिनसाठीच्या दोन जागा अशाच अडून बसतात. अनेक कनेक्शन एकत्र ठेवणारं आरडीसीमॅन कायमचं बंद झालेलं नाही. सुरक्षेतल्या त्रुटीमुळे 2020 मध्ये ते काढलं होतं, 2021 मध्ये सिसइंटर्नल्समधून परत आलं. जुनी 2.7 आवृत्ती मात्र काढून टाका. तशाच एमरिमोटएनजी या साधनात साठवलेले पासवर्ड आपला मास्टर पासवर्ड घातल्याशिवाय सुरक्षित नाहीत, कारण मुळातली किल्ली सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि मेलने आलेली आरडीपी फाइल ही निव्वळ शॉर्टकट नसते. ऑक्टोबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने अशाच फाइली पाठवून झालेल्या हल्ल्यांची माहिती दिली. फाइल उघडली की तुमचं मशीन हल्लेखोराच्या सर्व्हरला जोडलं जायचं आणि तुमचे ड्राइव्ह, क्लिपबोर्ड, प्रिंटर त्याच्यापुढे खुले व्हायचे. जोडण्याआधी येणाऱ्या खिडकीत ड्राइव्हसमोरची टिक काढता येते. ओळखीच्या सर्व्हरसाठीही ती लागेल तेव्हाच ठेवा.