किशोरीचे पोषण : वैद्य आणि औषधविक्रेते यांचे कर्तव्य

बाळंतिणीच्या आहाराची काळजी मराठी घरांत परंपरेनेच घेतली जाते. डोहाळजेवण, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे. मात्र हीच स्त्री १२ ते १८ वर्षांची असताना तिच्या ताटात काय वाढले जात होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. माता व बालक यांच्या पोषणाविषयीचे लोकशिक्षण गर्भिणीपासून नव्हे, तर किशोरीपासून आरंभिले पाहिजे, असे आमचे मत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताल्पता आढळली. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली, तर २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेला होता. हे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत असले, तरी त्यांच्यामागील मुलगी पुष्कळदा एकच असते.

वाढीच्या वयात लोहाची गरज वाढते आणि त्याच सुमारास ऋतुप्राप्ती होऊन दरमहा रक्तस्राव सुरू होतो. ही तूट भरून निघण्याआधीच गर्भ राहिला, तर दोन जिवांचा भार रित्या कोठारावर पडतो. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस मिटते. तोवर अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते, आणि त्यानंतर सुरू केलेले फोलिक आम्ल त्या नलिकेचा दोष टाळू शकत नाही. सुश्रुताचार्यांनी गर्भसंभवासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज ही सामग्री सांगितली, तसेच सोळा वर्षांखालील स्त्रीच्या गर्भास असलेला धोकाही शारीरस्थानात वर्णिला. क्षेत्राची मशागत पेरणीपूर्वी व्हावी लागते, हे आपल्या शास्त्रास नवे नाही.

आता प्रश्न उपदेशाच्या पद्धतीचा. ‘पौष्टिक खा’ एवढ्याने काहीच साधत नाही. बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी आणि त्यावर लिंबाची फोड, असे नेमके सांगावे. लिंबू-आवळ्यातील आम्लामुळे वनस्पतिज लोहाचे शोषण सुधारते, तर जेवणाबरोबरच्या चहाने ते घटते. म्हणून चहा व जेवण यांत किमान एका तासाचे अंतर असावे. बीट लाल असते म्हणून त्याने रक्त वाढते, हा समज दूर करावा. त्यात लोह अत्यल्प असते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हे मात्र अवश्य सांगावे.

हे सर्व केवळ मुलीस सांगून भागणार नाही. जेथे घरच्या स्त्रिया व मुली शेवटी जेवतात, तेथे उसळ संपलेली आणि कोरडी भाकरी उरलेली असते. वाढणाऱ्या आजीस आणि बाजार करणाऱ्या वडिलांसही बोलावून घ्यावे.

औषधाविषयी दोन शब्द. पुनर्नवामंडूर, धात्रीलौह आदी कल्पांची योजना आपण पांडुरोगात करतो. परंतु ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात (२०१८) १० ते १९ वयोगटासाठी ठरविलेली साप्ताहिक निळी गोळी (६० मि.ग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल) आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नये. दोन्ही चालू असल्यास लोहाची एकूण मात्रा पाहावी व जंतांचा विचार करावा.

औषधविक्रेत्यांची जबाबदारीही मोठी आहे. मुलीसाठी ‘रक्तवाढीची बाटली’ मागणाऱ्या आईस रक्ततपासणी झाली आहे काय आणि पाळीत स्राव अधिक जातो काय, हे विचारावे. स्राव अधिक असल्यास वैद्यांकडे पाठवावे. गर्भिणी नसलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास ती रक्ताल्पता होय; ८ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास बाटली न देता विनाविलंब रुग्णालयात धाडावे. त्या दिवशी एक विक्री कमी होईल, परंतु आजार वेळेत हाती लागेल.

प्रत्येक सभासदाने दर तिमाहीस आपल्या परिसरातील एका शाळेत किंवा अंगणवाडीत तासभर द्यावा, मुलींसह घरातील वडीलधाऱ्यांना बोलवावे, आणि दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक किशोरीच्या केसपेपरवर तिच्या आहाराची नोंद ठेवावी, असे आमचे आवाहन आहे.